एका वेतात अनेक पिल्ले का? ‘मरतात म्हणून जास्त होतात’ हे उत्तर पुरेसे नाही

गोदाकाठ (पंचवटी)
निफाड-सिन्नरकडे ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याचे बछडे सापडल्याच्या बातम्या येतात आणि दर वेळी चर्चा एकाच वाक्यापाशी थांबते: निम्मे मरणारच, म्हणून निसर्ग दोन-तीन देतो. या वाक्याला माझा आक्षेप आहे. पिल्ले मरणार आहेत हे मादीच्या शरीराला आधी कळत नाही आणि जात टिकवण्याची जबाबदारी कोणत्याही एका मादीवर नसते. पक्ष्यांच्या अंड्यांच्या संख्येविषयी डेव्हिड लॅक यांनी १९४७ साली मांडलेला विचार येथेही लागू पडतो. ज्या संख्येतून सर्वाधिक पिल्ले वाढून मोठी होतात तीच पिढ्यान्‌पिढ्या टिकते. त्याहून जास्त झाली तर सगळीच अर्धपोटी राहतात.

सस्तन प्राण्यांत पोसणे म्हणजे मुख्यतः दूध. उंदीर-खारींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वेगवेगळ्या जाती ताडून पाहिल्या, तर वेताची सरासरी साधारणपणे सडांच्या संख्येच्या निम्मी आणि मोठ्यात मोठे वेत सडांच्या संख्येइतके भरते. शिवाय उंदराची पिल्ले जेमतेम तीन आठवड्यांच्या गर्भावस्थेनंतर आंधळी, बिनकेसांची जन्मतात. पोटातला खर्च कमी, म्हणून संख्या जास्त. हत्तीण सुमारे २२ महिने गर्भ वाहते आणि तिला सहसा एकच पिल्लू होते.

सातपूरकर
सडांचा हिशेब आकर्षक आहे, पण गाईला चार सड असून वासरू एकच होते, त्याचे काय? आणि डुकराची पिल्ले डोळे उघडे ठेवून जन्मतात, लगेच उभी राहतात, तरी ११४ दिवसांत दहा-बारा होतात. त्यामुळे अपुऱ्या अवस्थेत जन्मणे हे कारण सर्वत्र चालत नाही.

मृत्यूला आपण फार सहज बाजूला सारले आहे. उंदीर आणि लहान वटवाघूळ वजनाने जवळपास सारखे असू शकतात. उंदराला एका वेतात सहा-आठ पिल्ले होतात, बहुतेक वटवाघळांना एकच. रानातला उंदीर क्वचितच वर्ष पुरे करतो, तर वटवाघळांच्या कित्येक जाती दहा-वीस वर्षे जगतात. ज्या मादीला पुढचा हंगाम दिसण्याची शक्यता कमी, तिने हाताशी असलेल्या हंगामात सर्व काही ओतणे फायद्याचे ठरते, आणि त्यासाठी तिला भविष्य कळावे लागत नाही; तसे न करणाऱ्यांचा वंशच उरत नाही. म्हणजे उसाच्या बांधावर बोलले जाणारे ते वाक्य ढोबळ असेल, पण दिशाभूल करणारे नाही. फक्त त्यात पिल्लांच्या मृत्यूबरोबर आईच्या मृत्यूचाही विचार हवा.

गोदाकाठ (पंचवटी)
वटवाघळाचे नवजात पिल्लू आईच्या वजनाच्या पाव हिश्शाइतके भरू शकते. एवढे ओझे पोटात घेऊन उडायचे, तर दुसऱ्याला जागा कुठे? येथे दीर्घायुष्य हे कारण नसून उड्डाण हे कारण आहे. गाईचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे: जुळ्यांत गोऱ्हा आणि कालवड असली की बहुतेक वेळा कालवड वांझ निघते, कारण गर्भाशयात दोघांचे रक्त मिसळते. सड चार असले तरी अडचण आधीच, पोटात येते.

मेंढवाडा (सिन्नर)
आपण दोघेही संख्या जणू दगडावर कोरलेली असल्यासारखे बोलत आहात. आमच्या दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होते. सुंदरबनातल्या गरोळ मेंढीला दोन किंवा अधिक. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोळमधला एक जनुक संकरातून दख्खनी मेंढ्यांत आणला आणि जुळ्यांचे प्रमाण वाढवून दाखवले. अंडाशयातून एका वेळी किती अंडी सुटावीत हे त्या एका बदलाने हलते. सड दोनच राहिले, उड्डाणाचाही प्रश्न नाही.

मग दख्खनीत हे आपोआप का रुजले नाही? माझ्या मते, भटक्या कळपात जुळे परवडत नाही. चारणीच्या वाटेवर मेंढी रोज चालते, दूध आटते, दुबळे कोकरू घोड्यावर लादून न्यावे लागते आणि अनेकदा दोन्ही कोकरे खुरटतात. गोठ्यात खुराक मिळणाऱ्या मेंढीचा हिशेब वेगळा. शिवाय पाळीव जनावरात निवड माणूसही करतो, हे डुकराचा दाखला देताना विसरू नये. रानडुकराला साधारण चार-सहाच पिल्ले होतात.

सातपूरकर
चार-सहा म्हणजेही गाई-घोड्यांच्या तुलनेत पुष्कळच, आणि ती उघड्या डोळ्यांचीच असतात. माझा मुद्दा तेथेच उभा आहे. मेंढवाड्याच्या उदाहरणातून मात्र मला वेगळेच दिसते. एक जनुक बदलल्याने संख्या वाढू शकत असेल, तर पोट आणि सड ही कायमची भिंत नाही. वटवाघळांतही काही जातींना नियमाने जुळी होतात, उडूनसुद्धा. त्या जाती जुळ्यांकडे का गेल्या आणि बाकीच्या एकावर का थांबल्या, हे उड्डाणावरून सांगता येणार नाही.