परदेशी नाणी ठेवायची की वाटून टाकायची? (लांबलंय, सॉरी)

हौशी_सातारकर
नमस्कार मंडळी. माझा संग्रह छोटासाच आहे, थोड्या शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची जुनी नाणी), भोकाचा पैसा, जॉर्जचे दोन-चार रुपये असं. मागच्या महिन्यात मामांनी घर आवरताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला, ते मस्कतला नोकरीला होते ना, तिकडची सगळी चिल्लर त्यात. दोनेक किलो तरी भरेल. ओमानचे बैसे, कॉफीच्या सुरईवाला दिरहम, कुवेतची गलबतवाली नाणी, असं काय काय. मी खूश होऊन आमच्या इथल्या एका जुन्या संग्राहकाकडे घेऊन गेलो तर त्यांनी डब्यात हातसुद्धा घातला नाही, "हे किलोवर जातं रे, आपलं नाही ते" म्हणाले. जरा लागलंच मनाला. तुम्ही परदेशी नाणी जमवता का? नसाल तर का नाही?

दुदांडी
नाही जमवत, आणि त्यात तुच्छता वगैरे काही नाही. खिसा एक, डोकं एक. शिवराईचंच घ्या, एका बाजूला श्री राजा शिव, दुसरीकडे छत्र पति, एवढाच तर मजकूर, पण वेलांटी कशी वळलीय, खाली ठिपका आहे की पान, नंतरच्या दुदांडीत मधल्या दोन आडव्या रेघा कशा पडल्यात, यातच माझी १५ वर्षं गेली आणि अजून समोर आलेली प्रत्येक ओळखता येते असं नाही. त्यात जगातले सगळे देश घेतले तर होणार काय, प्रत्येकाचं एकेक नाणं अल्बममध्ये आणि माहिती शून्य. शिवाय उद्या विकायची वेळ आली तर आपल्याकडे घेणारा कोण? शिवराईला प्रदर्शनात गिऱ्हाईक मिळतं, कुवेतच्या चिल्लरीला मिळत नाही.

टांकसाळीचा_नातू
दुदांडी, तुमचं पटतं पण "आपलं" कशावरून ठरवायचं तेवढं सांगा. माझ्याकडे ऑस्ट्रेलियाची १९४३ ची पेनी आहे. एका बाजूला कांगारू, दुसरीकडे सहावा जॉर्ज, आणि त्याच्या मानेखाली एक बारकं इंग्रजी आय अक्षर. भिंग लावल्याशिवाय चटकन दिसत नाही. आय म्हणजे इंडिया, युद्धात तिकडच्या टांकसाळीला काम आवरेना म्हणून १९४२ आणि ४३ साली त्यांच्या पेन्या मुंबईत पाडल्या. ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसाचा तो मोठा चांदीचा थेलर, त्याच्यावर कधीही पाडला तरी साल १७८० च असतं, तोही त्या युद्धाच्या काळात मुंबईत निघालाय. १९१८ चा मुंबईचा सॉव्हरिन, म्हणजे इंग्रजांचं सोन्याचं नाणं, तर आहेच, पण तो आपण फोटोतच बघायचा 😄 आता उलटं बघा, आपला १९८५ चा रुपया काढा, सालाखाली एच असेल तर तो बर्मिंगहॅमला पाडलेला. मग यातलं परदेशी कुठलं?

फोंड्याहून
आमच्याकडे तर हा घोळ घरातच आहे. आजीच्या पेटीत ३० सेंताव्ह, ६० सेंताव्ह, ३ एश्कुद, ६ एश्कुद अशी नाणी होती, लहानपणी मला कळायचंच नाही की असले विचित्र आकडे का, सरळ पाच-दहा का नाहीत. कारण साधं, १९५८ ला पोर्तुगिजांनी गोव्यात रुपया बंद करून एश्कुद आणला तेव्हा एक रुपया म्हणजे ६ एश्कुद असा भाव धरला, म्हणजे ३ एश्कुद हे आठ आणेच की! बाजारातल्या बायकांचा हिशोब रुपयातच चालायचा असं आजी सांगायची. तीन वर्षांत, १९६१ च्या डिसेंबरात, पोर्तुगीजच गेले आणि ही नाणी पेटीत राहिली. विक्रेते ती परदेशीच्या ट्रेमध्ये टाकतात, माझं डोकंच फिरतं.

मस्कतकर
सातारकर, डबा वाटून टाकू नका हो!! बैसा म्हणजे आपला पैसाच, शब्द इकडूनच गेलाय. तेव्हा आखातात आपलाच रुपया चालायचा, १९५९ ला रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, सोन्याच्या चोरट्या व्यापारात आपलं परकीय चलन जात होतं म्हणून. एकची आणि दहाची लाल, नंबर झेडने सुरू. १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं तसे कतार, दुबई वगैरे बाहेर पडले, कुवेत आणि बहरीन त्याआधीच, पण ओमानात १९७० पर्यंत रुपया चालला. मामांना विचारा अशी एखादी नोट कुठे पुस्तकात वगैरे आहे का. मी स्वतः देशवार जमवत नाही, जिथे जिथे रुपया चालला तेवढंच घेतो, मॉरिशस, सेशेल्स, मोंबासा, जर्मनांनी पूर्व आफ्रिकेत काढलेला रुपी. तेवढ्यातच पगार संपतो.

दुदांडी
हे चालेल, याला धागा आहे. माझा विरोध "१०० देशांची १०० नाणी" पाकिटाला. आणि सातारकर, त्या डब्यातलं काहीही चिंचेने घासू नका, हात जोडून सांगतो.

हौशी_सातारकर
चिंचेचं उशिरा सांगितलंत, दोन बैसे कालच चकाचक केले 🙈 मामांना फोन केला, नोट नाहीये, पण म्हणाले की सुरुवातीला तिथले म्हातारे दुकानदार भाव रुपयातच सांगायचे आणि मग रियालात करून द्यायचे. बैसे वेगळे काढलेत. बाकीचं भाचीला देतोय, तिला ती गलबतं फार आवडली.