पंधरा हजारांत ८०० ला टर्बो: बिलात काय काय लिहायचं राहिलं?

लेथवाला_हिंगणा:
परवाच्या 'बूस्ट_बहाद्दर'च्या पोस्टला हे उत्तर. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी: जुनी कार्बवाली (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरची) मारुती ८००, कामठी रोडच्या भंगारातून उचललेला स्विफ्ट डिझेलचा टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा), पाइप जोडून केलेलं मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर टर्बोत नेणारं), बूस्ट (कोंबलेल्या हवेचा जादा दाब) ०.४ बार, इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) नाही. वर शेरा, "एकूण खर्च पंधरा हजार, ज्याची फाटते त्यानं बस धरावी." आणि खाली "भाऊ पत्ता द्या"वाल्यांची ही लाइन. बसचं मला काही लागलं नाही. पत्ता मागणाऱ्या पोरांसाठी लिहून राहिलो.

टर्बोशी माझं वैर नाही, टर्बो बसवायची फ्लँज (जोडपट्टी) मी स्वतः कापून देतो. राग त्या पंधरा हजारांचा आहे.

भंगारातला टर्बो घेताना शाफ्ट दोन बोटांत धरून हलवायचा. आडवा किंचित हलला तर चालतं, तिथे तेलाची फिल्म बसते. आत-बाहेर सरकला तर मुकाट्यानं ठेवून द्यायचा. मग टॉर्च मारून पाहायचं, पात्यांची टोकं बॉडीला घासली आहेत का. हा मूठभर टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या वर फिरतो. तिथे 'थोडा खेळ आहे, चालून जाईल' चालत नाही. तुझ्या फोटोत कॉम्प्रेसरच्या (टर्बोच्या हवेकडच्या बाजूच्या) तोंडाशी तेल दिसतंय आणि लिहिलंय 'एकदम कडक पीस'.

तेलाची परतीची नळी बोटाएवढी बारीक, मधे चक्क वर चढलेली. टर्बोतून तेल फेसाळून निघतं आणि फक्त उतारानं खाली येतं, मागून ढकलणारं कोणी नसतं. नळी जाड हवी, सरळ उतरती हवी, इंजिनखालच्या चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर शिरायला हवी. नाहीतर तेल तुंबतं, सीलमधून बाहेर पडतं, आणि पोरगं भंगारवाल्याच्या नावानं बोंबलतं.

आता मुख्य. मेमधली ४५ डिग्रीची हवा ०.४ बार दाबली की असल्या टर्बोतून ती शंभरच्या आसपास होऊन निघते. ती सरळ कार्बमध्ये. फ्लोट चेंबरची (कार्बमधल्या पेट्रोलच्या वाटीची) हवेची वाट बूस्टला जोडली आहे का? पोस्टमध्ये शब्द नाही. जोडली नसेल तर वरून दाब आणि फ्लोटवर बाहेरची हवा, पेट्रोल जेटमधून (कार्बमधल्या बारीक भोकातून) चढणार कसं? गाडीतल्या पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचा दाब बूस्टबरोबर वाढतो का? टायमिंग मागे घेतलं का, म्हणजे प्लगची ठिणगी थोडी उशिरा पडते का? यातलं काहीच नसेल तर मिश्रण ऐन जोरात पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं आणि नॉकिंग (सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट) सुरू. अशाच एका गाडीचा पिस्टन माझ्या टेबलावर पडला आहे. एक्झॉस्ट व्हॉल्वकडची कड उंदरानं कुरतडल्यासारखी, वरच्या रिंगची खाच तुटलेली, प्लगच्या टोकाला ॲल्युमिनियमचे बारीक राखाडी दाणे. त्याचंही बिल जोडा म्हणतो मी.

बूस्ट_बहाद्दर:
काका, गाडी न पाहता पोस्टमॉर्टेम? दिवाळीपासून रोज चालून राहिली. रिंग रोड, जामठा, रामटेकही झालं. एक पिस्टन टेबलावर ठेवला म्हणून सगळ्यांचे पिस्टन वितळतात का?

सुझुकीनं १९८७ मध्ये ऑल्टो वर्क्स काढली. ५४३ सीसी, टर्बो, ६४ पीएस (हॉर्सपॉवरच समजा). आपलं ७९६ सीसीचं इंजिन त्याच खानदानातलं. जपान्यानं केलं तं इंजिनीअरिंग, नागपूरच्या पोरानं केलं तं गुन्हा? आणि उष्णतेचं म्हणाल तं वायपरची पाण्याची मोटर लावली आहे, बूस्ट आला की बारीक फवारा मारते. ही आयडिया काही माझ्या डोक्यातली नाही. अमेरिकेच्या ओल्ड्समोबिलनं १९६२ च्या जेटफायर गाडीमध्ये पाणी आणि मिथेनॉलच मारलं होतं.

वाडीचा_डिझेलभाऊ:
फवारा मारते म्हणे! अरे बाप्पा, जेटफायरमध्ये टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप कमी करायची सोय होती. तरी लोक टाकी भरायचे नाहीत आणि कटकट नको म्हणून कित्येकांनी टर्बोच काढून टाकला. तुझ्या वायपरची बाटली संपली तं तुले कोण सांगणार? गाडीच सांगणार.

आणि ऑल्टो वर्क्सचं अर्धंच सांगून राहिला तू. त्यात कार्बच्या जागी इंजेक्शन होतं, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबते ते) टर्बोच्या हिशेबानं ठेवलं होतं. कार्बच्या ८०० चं कॉम्प्रेशन ८.७. सीसी पाहून खानदान ठरत नाही.

माझं सोपं म्हणणं. ८०० चे ३७ हॉर्सपॉवर. ०.४ बारनं सगळं छान जमलं तं पन्नासच्या आसपास जाशील. जुन्या झेनचं ९९३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन जन्मापासून पन्नास देते. ना फवारा, ना नळी, ना शंभर डिग्री. भंगारात तेही मिळते.

नंदनवन_आठशे:
झेनचं इंजिन टाकणं म्हणजे काय, नट खोलला आणि बसवलं? माउंटिंग, गिअरबॉक्स, वायरिंग, रेडिएटर. तुमचं 'सोपं' ऐकून मी केलं होतं. ज्यानं करून दिलं त्यानं पैसे आधी घेतले आणि गाडी पावसाळाभर त्याच्या शेडबाहेर उभी ठेवली. पत्रा सडला. शेवटी चालू झाली, पण रेसमध्ये थरथर. पन्नास हॉर्सपॉवर असतीलही, सीटवर बसून मोजायची हिंमत होत नव्हती.

बहाद्दर, तू चालू ठेव भाऊ. ज्यांनी आयुष्यात स्पार्क प्लग काढला नाही ते इथे येऊन शिकवून राहिले.

वाडीचा_डिझेलभाऊ:
कोणाले म्हणून राहिला बे? ट्रकच्या टर्बोत आयुष्य गेलं आमचं. चढ चढून आलेली गाडी थांबल्याबरोबर चाबी काढणारे ड्रायव्हर पाहिले आणि मग त्याच टर्बोत तेलाचा कोळसा झालेला पाहिला. दोन मिनिटं आयडलवर ठेवायला सांगितलं तं 'डिझेल कोण देते' म्हणत. तुझा पत्रा सडला तं माझा दोष?

धंतोली_वकील:
इथे कोणालाच कायदा आठवत नाही, म्हणून आठवण देतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीनं ठरवलेल्या रचनेत परवानगीशिवाय फेरफार चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. कलम १८२अ खाली प्रत्येक फेरफाराला पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी बॉनेट उघडून पहिला फोटो टर्बोचा काढेल. समोरच्या माणसाच्या नुकसानीचं काय, ते तुमचं तुम्ही पाहा.

नंदनवन_आठशे:
वकीलसाहेब, फुटाळ्यावर संध्याकाळी उभे राहा. बुलेटचे फटाके ऐका. त्यांना कलम ५२ लावा आधी, मग आमच्या ८०० कडे या.

इतवारी_स्कूटर:
तुम्ही नॉकिंग-नॉकिंग करून राहिले, पण पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मिळतं, त्याचा ऑक्टेन (नॉकिंगला न बधायचा आकडा) ९५. आधी ९१ होता. म्हणजे बहाद्दरचा फायदाच की.

पण माझ्या जुन्या स्कूटरच्या पेट्रोल नळीचं काय? हाताला चिकटायला लागली. कार्बच्या तळाशी हिरवट चिखल. मेकॅनिक म्हणाला, इथेनॉल पाणी ओढतं. पंपावर विचारलं तर म्हणे, "काका, वरून येतं तसं देतो."

लेथवाला_हिंगणा:
ऑक्टेन वाढला, मान्य. पण कार्बला ते कळत नाही. पेट्रोलला हवा लागते १४.७ पट, इथेनॉलला नऊच पट. म्हणजे जेट तेच ठेवलं तर ई-२० वर मिश्रण आधीच सात-आठ टक्के पातळ. वरून बूस्ट. जेट मोठा केला का, हा प्रश्न आता अजून मोठा झाला.

गिरीपेठ_गप्पा:
इथेनॉलला नावं ठेवायची फॅशन झाली आहे. शेतकऱ्याच्या ऊस-मक्याला भाव मिळतो, बाहेर जाणारं परकीय चलन वाचतं, ते दिसत नाही. मायलेज कमी होतं म्हणे! टायरमध्ये हवा नसते, क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतात आणि नाव इथेनॉलचं.

इतवारी_स्कूटर:
कमी होतंच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात लिहिलं आहे, साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्के घटेल. हे मी नाही म्हणत. मग पेट्रोल ६ टक्के स्वस्त करा ना! आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांच्या नळ्या कोण बदलून देणार? नागपूरचेच खासदार रस्ते-वाहतूक मंत्री, इथेनॉलचं कौतुकही तेच सर्वात जास्त करतात. माझी नळी त्यांच्याकडे घेऊन जाऊ का?

गिरीपेठ_गप्पा:
न्या. फोटोही काढा. ब्राझील किती दशकं इथेनॉलवर गाड्या चालवतो. तुमचीच नळी तेवढी नाजूक.

इतवारी_स्कूटर:
ब्राझीलनं गाड्या त्यासाठी बनवल्या! आणि तिथे पंपावर निवडता येतं. मला कुठे निवडता येतं? सांगा पंप. नुसतं ब्राझील-ब्राझील.

नंदनवन_आठशे:
भाऊ, तुम्ही दोघं वेगळा धागा काढा ना. टर्बो कुठे गेला?

गिरीपेठ_गप्पा:
यांनाच काढू द्या. सिमेंट रोडवरही यांचीच तक्रार असेल.

इतवारी_स्कूटर:
आहेच! रस्ता घरापेक्षा उंच झाला, पाणी ओट्यावर येतं. त्यावर वेगळा बोलीन. आधी नळी.

बूस्ट_बहाद्दर:
मी आपला चुपचाप वाचून राहिलो. लेथवाले काका, फ्लोटची वाट आतून एअर हॉर्नमध्येच (कार्बच्या हवेच्या तोंडात) आहे आणि वरची टोपी सीलबंद केली, म्हणजे बूस्ट फ्लोटवर आपोआप येतो. पोस्टमध्ये लिहिलं नाही, कारण करणाऱ्याला ते माहीत असतं. टायमिंग मागे घेतलं आहे. जेटचं ई-२० वालं गणित मात्र... बरोबर आहे. झालं समाधान? आता पार्टी द्या.

लेथवाला_हिंगणा:
'करणाऱ्याला माहीत असतं' हेच तर भांडण आहे. पत्ता मागणाऱ्याला माहीत नसतं, आणि तो तुझ्या फोटोवरून पाइप वेल्ड करणार आहे. टोपी सीलबंद केली हे ऐकून बरं वाटलं. डोकं आहे तुझं, ते पोस्टमध्ये वापर. आता सांग, गाडीतला पेट्रोलचा पंप कोणता?

बूस्ट_बहाद्दर:
मूळचाच.

वाडीचा_डिझेलभाऊ:
हाव ना! मूळचा डायफ्रामवाला पंप ०.४ बारपुढे फ्लोट भरणारच नाही. लंब्या ॲक्सिलरेटरवर पाह्य, शेवटाला मरते का.

बूस्ट_बहाद्दर:
...रामटेक रोडवर टॉपला थोडी अडखळते. मला प्लग वाटला होता.

वाडीचा_डिझेलभाऊ:
प्लग! राजा, ते अडखळणं नाही, वॉर्निंग आहे. पंपाच्या डायफ्रामच्या मागच्या बाजूला बूस्टची नळी दे, नाहीतर रेग्युलेटरवाला इलेक्ट्रिक पंप लाव. तोवर उजवा पाय घरी ठेव. आणि डिझेलचा टर्बो पेट्रोलच्या धुरावर आहे हे विसरू नको. डिझेलचा धूर ८०० डिग्रीच्या आत राहते, पेट्रोल फुल लोडला ९०० च्या पुढे जाते. टर्बाइनच्या बॉडीत, वेस्टगेटच्या (जादा धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) भोकाजवळ, बारीक तडे पाहत राहा.

धंतोली_वकील:
म्हणजे आता सगळे मिळून बेकायदा गाडी नीट करून देणार?

नंदनवन_आठशे:
हो. तुम्ही जामीन पाहा.

बूस्ट_बहाद्दर:
बरं, मान्य. पंप, मोठा जेट आणि एक इंटरकूलर, म्हणजे अजून सहा-सात हजार. पंधरा हजारांची पोस्ट एडिट करतो. पण काका, मेचा ४५ चा आकडा कमीच सांगितला तुम्ही. २०२४ मध्ये नागपूरच्या एका केंद्रानं ५६ दाखवले होते.

लेथवाला_हिंगणा:
तो सेन्सर बिघडलेला होता. तुझ्या बूस्ट गेजबद्दलही मला तीच शंका आहे. शनिवारी गेज घेऊन ये, वर्कशॉपच्या हवेच्या कंप्रेसरवर लावून तपासून देतो. फ्लँजचे पैसे वेगळे.

बूस्ट_बहाद्दर:
येतो. पण टेबलावरचा पिस्टन दाखवायचा नाही.

इतवारी_स्कूटर:
येताना इथेनॉलला टिकणारी नळी कुठे मिळते ते विचार. इथे तर कोणी सांगून नाही राहिलं.