अनुभव धागा: नव्वदीतलं रॉक आणि 'सेल-आऊट' ही शिवी

खुंटी_पिळा: काल एका जाहिरातीमागे नव्वदीतलं रॉक वाजलं आणि 'सेल-आऊट' आठवली, म्हणजे पैशासाठी मोठ्या कंपनीला विकला गेलेला बँड. आजच्या पोरांना कळत नाही, एवढं चिडण्यासारखं काय होतं. ती नुसती अकड नव्हती, मागे हिशेब होता. जाणकारांनी लिहा.

रीळवाला: रेकॉर्डिंग करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीने १९९३ च्या लेखातच तो हिशेब मांडलाय की, काल्पनिक बँड धरून. चौघांचा बँड, अडीच लाख डॉलर अ‍ॅडव्हान्स, अडीच लाख प्रती खपल्या, दुकानात गल्ला ३० लाख. रॉयल्टी १३ टक्के, तीही ९० टक्के रकमेवर: ३,५१,०००. वजा अ‍ॅडव्हान्स २,५०,०००, प्रोड्युसर ४०,०००, प्रमोशन २५,०००, जुन्या लेबलकडून (रेकॉर्ड कंपनीकडून) सोडवणूक ५०,०००. म्हणजे १४ हजार अंगावरच! कंपनीला ७,१०,०००, वादकाला माणशी चार हजारांच्या आसपास. अ‍ॅडव्हान्स म्हणजे बक्षीस नव्हे, ऊसतोडीची उचल.

बेस_ताई: आणि अल्बिनी स्वतः रॉयल्टीतला टक्का घेत नसे. निर्वाणा बँडच्या 'इन यूटेरो' अल्बमचे एकरकमी एक लाख डॉलर. प्लंबरला देतात तशी मजुरी द्या म्हणायचा. नंतर लिहिते, कुकर लागलाय.

ढोलकी७२: फुगाझी बँड!! तिकीट ५ डॉलर, सगळ्या वयांना प्रवेश, टी-शर्ट विकायचे नाहीत. परवडायचं कारण लेबल घरचं (डिस्कॉर्ड) आणि मॅनेजर नाही, म्हणजे त्याचे १५ टक्के तिथेच वाचले. रेकॉर्डच्या पाठीवर टपालखर्चासकट किंमत छापलेली, दुकानदाराने चढवली की गिऱ्हाइकाला लगेच कळे.

मागची_रांग: पर्ल जॅम बँडचं अडलं ते जागेपाशी. तिकीट १८ डॉलर, वरचं शुल्क १० टक्क्यांच्या आत हवं होतं. पण मोठ्या सभागृहांचे करार टिकेटमास्टर या तिकीटविक्री कंपनीशीच. मग मोकळी मैदानं शोधा, कुंपण, शौचालयं, सुरक्षा सगळं नव्याने उभं करा. १९९५चा दौरा अर्धवट राहिला. वाईट वाटतं.

खुंटी_पिळा: @मागची_रांग अगदी. अमेरिकेतल्या बर्कलीचं गिलमनही सांगा कोणी, पंक बँडांचं ते सभागृह.

रीळवाला: मेजर लेबलवाल्यांना (मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडना) तेव्हा मंच बंद होता, ग्रीन डे बँडलासुद्धा. मला कठोर वाटतं, पण जागा स्वयंसेवकांच्या जिवावर चालायची. जॉब्रेकर बँडवरचा राग वेगळा: मेजर लेबलशी सही करणार नाही असं मंचावरून सांगून मग केली.

धोबीतलाव: मुंबईच्या रंगभवनचंही लिहा ना, तिथल्या रॉक मैफलींचं. आपल्या रॉक मशीन बँडचं नाव इंडस क्रीड झालं १९९३ला. त्यांच्या कॅसेटी आता अडकतात, काय करू?

बेस_ताई: आले. आधी पेन्सिलीने सैल कर, मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. आवाज दबका आला तर मधली फेल्टची गादी गळलीय. स्क्रूवाली रिकामी कॅसेट घे, रिळं तिच्यात घाल. टेपला बोट लावू नकोस.

धोबीतलाव: माझ्या कॅसेटीला स्क्रू नाहीयेत, चिकटवलेली आहे.

बेस_ताई: मग सांध्यात पातळ पातं घालून कडेकडेने उकल. खिडकीच्या बाजूने नको, तडकते.