मदत हवी आहे : उन्हाळ्यात संकरित गाईंच्या आहारात नेमका कोणता बदल करावा?

सांगोला तालुक्यात आमच्याकडे सात एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत. पारा ४२ अंशांवर गेल्यापासून दुपारी त्या जीभ बाहेर काढून धापा टाकतात, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात आणि गव्हाणीतला कडबा तसाच पडून राहतो. तंतुमय वैरण पचताना कोठीपोटात (गाईच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यात) अधिक उष्णता निर्माण होते, म्हणून कडब्याची कुट्टी रात्री आठनंतर आणि हिरवा मका पहाटे पाचला देऊ लागलो. त्यामुळे खाणे थोडे सुधारले, पण रवंथ कमीच आहे आणि दुधाचा फॅट ३.६ वरून ३.१ वर आला आहे. शेजारी खुराक (पेंड-भरडा) वाढवा म्हणतात. मात्र लाळेतला, पोटातली आम्लता रोखणारा नैसर्गिक सोडा असा बाहेर वाया जात असताना पेंड-भरडा वाढवला, तर पोटातली आम्लता बळावेल, अशी मला भीती वाटते.

दर गाईला रोज १०० ग्रॅम खाण्याचा सोडा दोन वेळांत विभागून पुरेसा होईल का? खुराक तेवढाच ठेवून बायपास फॅट (कोठीपोटात न विरघळता पुढे आतड्यात पचणारी चरबी) सुरू करावे का? घामावाटे जाणारे पोटॅशियम भरून काढण्यासाठी खनिज मिश्रणाव्यतिरिक्त काय द्यावे? एक गाय आठ महिन्यांची गाभण आहे. तिला सोडा द्यावा की टाळावा, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.