अख्खं पाकीट, एक लिटर पाणी
जुलाब झालेल्या पोराला सलाईनशिवाय तरतरी येत नाही, हे तुमचं म्हणणं आम्ही नर्सेस वॉर्डात रोज ऐकतो. मूल सुस्तावलेलं नसेल, नीट पीत असेल, तर बहुतेकदा ओआरएस, म्हणजे पाकिटातली मीठ-ग्लुकोजची पूड विरघळवलेलं पाणी, पुरतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणीच पाजायला लावलं. मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. ग्लुकोज आतड्यातून मीठ-पाणी सोबत ओढून नेतं, एवढंच तंत्र. घोळ होतो तो घरी. परवा एका आईने लिटरचं अख्खं पाकीट एका पेल्यात ढवळलं होतं! असं घट्ट पाणी जुलाब वाढवतं. पोर ओकलं तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्याने पाजा. आणि हो, उरलेलं २४ तासांनी ओतून टाका.