कॉर्सेटच्या काड्या: पोलादच हवं, की केबल टाय चालतात?

शिवणवेडी
हौशी नाटकासाठी 1880 च्या सुमाराचा कॉर्सेट, म्हणजे कमरेला आकार देणारी घट्ट चोळी, घरी शिवला. कापड ताठ राहावं म्हणून त्यात काड्या घालतात; त्या जागी हार्डवेअरच्या दुकानातले, वायरी बांधायचे 9 मिमी रुंदीचे प्लास्टिकचे केबल टाय घातले, टोकं कानशीने गोल केली. घरी शिवणाऱ्यांनी पोलादाच्या मागे लागू नये असं माझं ठाम मत आहे. केबल टाय स्वस्त असतात, घरातल्या कात्रीने कापता येतात, धुतले तरी गंजत नाहीत. शिवाय जुन्या कॉर्सेटमधला 'व्हेलबोन' तरी कुठे हाड होता? व्हेलच्या वरच्या जबड्यातून लोंबणाऱ्या त्या पट्ट्या, आपल्या नखांसारख्याच केराटिनच्या. हलक्या आणि लवचीक. प्लास्टिक त्यांच्याच जवळचं.

दोनसुया
ताई, ही तुलना मला पटत नाही. व्हेलबोन उबेने हळूहळू अंगाचा बाक घेतो. केबल टायही वाकतो, पण कमरेच्या सगळ्यात अरुंद जागी, दुमडल्यासारखा, आणि मग तसाच राहतो. माझ्या पहिल्या कॉर्सेटला तीन तासांत कमरेवर आडवी वळी पडली आणि काडीचं वरचं टोक बरगडीत रुतायला लागलं. पुन्हा तो घातलाच नाही. कमर 5 सेमी जरी आवळायची असेल तरी पोलाद घ्या. बाजूच्या वळणदार शिवणींना स्पायरल, म्हणजे पोलादी तारेची चपटी गुंडाळी, कारण ती कडेलाही वाकते. सपाट पट्टी फक्त पुढे-मागे वाकते. पाठीला मात्र आयलेटच्या, म्हणजे दोरी ओवायच्या भोकांच्या, दोन्ही बाजूंना सपाट पट्टीच हवी, नाहीतर दोरी ओढली की कापड गोळा होतं.

शिवणवेडी
आमच्या नायिकेला दोन अंक गायचं होतं. आवळणं नकोच होतं, फक्त आकार हवा होता. आणि पावसाळ्याचं काय? पोलादी पट्टी कापली की टोकाचा पांढरा लेप जातो, तिथूनच गंज धरतो. पांढऱ्या ड्रिलच्या जाड कापडावरचा तो डाग कशानेच निघत नाही.

दोनसुया
टोकं उघडी ठेवली तरच. नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप चार-पाच वेढे घट्ट गुंडाळा, नाहीतर धातूची टोपी पक्कडीने दाबून बसवा.

मांजरपाट
मला दोघींचंही अर्धंच पटतं. गाण्याच्या प्रयोगाला पोलादाचा हट्ट नको, पण सगळीकडे केबल टायही नकोत. सिंथेटिक व्हेलबोन नावाची जर्मन प्लास्टिक पट्टी मिळते. महाग पडते, पण माझ्या कॉर्सेटमध्ये ती केबल टायसारखी एका जागी दुमडली नाही. ब्लाउजच्या सामानाच्या दुकानातली रिजिलीन, ती बारीक प्लास्टिक काड्यांची विणलेली पट्टी, मात्र कुणीही कॉर्सेटला वापरू नका; स्ट्रॅपलेस ब्लाउज उभा धरण्यापुरतीच ती ठीक. आणि दोनसुया, वळी पडली तेव्हा काडी नेफ्याएवढीच लांब होती का? काडी दोन्ही टोकांना मिळून सेंटीमीटरभर तरी आखूड हवी. कापड सैल विणीचं असेल तर ते ताणतं आणि सगळा भार काडीवर येतो.

दोनसुया
काडी नेफ्याएवढीच होती, कापड पॉपलिनचं. टोचण्याचा दोष माझ्या मापाचा, मान्य. कमरेवरच्या वळीचा दोष मी अजूनही केबल टायलाच देते.

शिवणवेडी
पाठीच्या चार पट्ट्या पोलादाच्या करते. प्रयोगात तिथे खरंच चुण्या पडत होत्या. बाजूचे केबल टाय तसेच राहणार.