वाळवंटावरची डोंगरधार : नागपूरकरांचे अनुभव

आपल्याकडे डोंगर म्हणजे सेमिनरी हिल्स, फार तर रामटेक. तरी इथली बरीच मंडळी अरवलीत, कच्छात, आखातात वाळवंटाच्या काठच्या धारांवर चालून आली आहेत. लिहा राजेहो! पाणी किती नेलं, कुठे चुकलं, काय दिसलं. सुरुवात मी करतो.

डिसेंबरात आम्ही चौघे अहमदाबादमार्गे आबू रोडला उतरलो. अचलगडाहून गुरुशिखराकडे डांबरी रस्ता सोडून धारेनं गेलो, सोबत गावातला वाटाड्या. तो हवाच, कारण अभयारण्यात अस्वलं आहेत, बिबटे आहेत. सह्याद्रीच्या बेसाल्टवर चाललेल्या पायांना तिथला ग्रॅनाइट वेगळा लागतो. कातळ गोलसर, खरखरीत, बूट मस्त धरतो. पण त्यावर भरड मुरूम पसरलेला असला की घसरलाच. उतरताना माझा तळहात सोलला.

गुरुशिखर 1722 मीटर, अरवलीतलं सर्वांत उंच. पाठीमागे आबूची झाडी, आणि पश्चिमेला धार तुटून खाली मारवाडचा भुरा, कोरडा पट्टा, धुरकट होत गेलेला. वाळूच्या टेकड्या तिथून दिसत नाहीत, थरचं वाळवंट आणखी पुढे आहे. अरबी समुद्राकडून येणारे पावसाचे ढग अरवलीला समांतर निघून जातात, म्हणून पश्चिमेला पाऊस कमी, हे शाळेत पाठ केलं होतं. तिथे उभं राहून डोंगराची लांबण बघितली तेव्हा कळलं. वर दत्ताचं मंदिर आहे. आमच्या घरी बाबा दर गुरुवारी दत्ताची आरती म्हणत. ते गेल्यानंतर मी ती पहिल्यांदा तिथे म्हटली.

एक चूक सांगतो. नागपूरचा 45 अंशांचा उन्हाळा काढलेले आम्ही, सगळी तयारी उन्हाची केली. पहाटे गवतावर दव गोठलेलं होतं आणि आमच्याकडे चौघांत एक स्वेटर!

महालहून : दत्ताचा विषय निघालाच, तर कच्छचा काळो डुंगर. उंची जेमतेम 460 मीटर, गाडीरस्ता माथ्यापर्यंत. आम्ही रस्ता सोडून कडेकडेनं तासभर चाललो. उत्तरेला खाली मोठं रण, मिठानं पांढरं. क्षितिज कुठे आहे तेच कळत नव्हतं. इथल्या दत्तमंदिरात कोल्ह्यांना प्रसादाचा भात ठेवतात. पुजारी हाक मारतात आणि झुडपांतून कोल्हे येतात. माझी मुलगी श्वास रोखून बघत होती.

मूळची धरमपेठची, सध्या दुबईत : अल ऐनजवळचा जबल हफीत, 1249 मीटर. सपाट वाळवंटातून चुनखडीची एकच लांब धार उठते. पायथ्याशी सुमारे 5000 वर्षांपूर्वीच्या दगडी कबरी आहेत, त्या आधी पाहा. चुनखडीच्या कडा इतक्या धारदार की हात टेकवायला हातमोजे लागतात. दगडात समुद्री जिवांचे जीवाश्म दिसले. चहूबाजूंनी वाळू आणि पायाखाली जुना समुद्रतळ, मी किती वेळ नुसती बसून होते.

नोव्हेंबर होता, तरी माणशी तीन लिटर पाणी दुपारी एकलाच संपलं. कोरड्या वाऱ्यात घाम अंगावर दिसतच नाही, वाळून जातो, त्यामुळे आपण किती सुकलो ते लक्षात येत नाही. सोबतच्या भावाला चक्कर आली. कातळाच्या सावलीत बसवलं, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं, दुसऱ्या गटानं पाणी दिलं म्हणून निभावलं. आता मी पाच लिटर नेते, आणि निम्मं संपलं की शिखर समोर असलं तरी मागे फिरते.

मानेवाड्याहून : हे वाचून ठरवलं. वय 58, गुडघे बरे आहेत. रविवारपासून पाठीवर पाच लिटर पाणी घेऊन रामटेकच्या पायऱ्या चढते आहे, उतरताना हळू. जानेवारीत गुरुशिखर. दादा, त्या वाटाड्याला आधी कळवावं लागतं का, की अचलगडला पोचल्यावर मिळतो?